पापण्या

१

अंड्यांना खळगे पडले की लिनेट प्रुइट बटाटे उकडायला टाकायची. इतक्या वर्षांत तिला कॅलेंडर बघावं लागत नव्हतं. मागच्या खोलीतल्या उबवणीच्या पेटीत कॉर्न सापांची अंडी आधी फुगत, घामेजत, आणि पिल्लं बाहेर यायच्या सुमाराला त्यांची चामड्यासारखी साल आत बसत असे. ती बसली की लिनेटचा नवरा गारलंड स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायचा, "लिन, पाहुणे आले बघ." मग जुन्या मित्राला, कर्टिसला फोन, सर्पमित्रांच्या क्लबातल्या चार जणांना फोन, बटाट्याचं सॅलड, खारवून उकडलेल्या शेंगा, गोड गार चहा आणि मोहरी घालून भरलेली अंडी. सापाच्या बारशाला कोंबडीची अंडी, हा गारलंडचा दरवर्षीचा विनोद, आणि त्याला दरवर्षी सगळ्यात जास्त हसायचा तोच.

गारलंड गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात रंग कालवून द्यायचा. कुणी जुन्या भिंतीचा पोपडा घेऊन यावं आणि याने त्या पोपड्याशी जुळता डबा हातात ठेवावा, असा त्याचा हात होता. त्यामुळे पिल्लांची नावं छटांच्या कार्डावरून ठेवायची, अशी त्या घरची रीतच पडली होती. पाहुण्याने पिल्लू तळहातावर घ्यायचं, खिडकीच्या उजेडात धरायचं आणि कार्डातलं नाव द्यायचं. लाल-केशरी असेल ते 'पिकलेलं पीच', पांढऱ्यावर गुलाबी असेल ते 'शिंपल्याची आतली बाजू', जांभळट करडं असेल ते 'पावसाआधीची दुपार'. पोटाकडून मात्र सगळी सारखीच, मक्याच्या रंगीत कणसासारखी चौकटी-चौकटींची. विषारी नाहीत, चावली तर मांजराचं नखही त्याहून जास्त लागेल.

लग्नाआधी लिनेट सापाचं चित्र दिसलं तरी पान उलटायची. तिची आई तर शेवटपर्यंत म्हणत राहिली, "ज्याच्यापायी देवाने पहिल्या जोडप्याला बागेतून हाकललं, तेच तू घरात पाळतेस. धन्य तुझी." पण गारलंड अंगणातल्या पायरीवर तिच्या शेजारी बसला होता, तिचा हात आपल्या हातावर ठेवून त्याने एक पिल्लू हळूच त्यावरून जाऊ दिलं होतं आणि म्हणाला होता, "बुळबुळीत नसतं गं. गार असतं फक्त." त्या माणसासाठी तिने शिसारी गिळली आणि मग ती खरंच जिरून गेली. शाळेच्या स्वयंपाकघरात शंभर पोरांची उष्टी ताटं उपसणाऱ्या बाईला आता कशाची किळस येणार, असं ती स्वतःच सांगायची.

२

त्या वर्षी ऑगस्टात अंड्यांना खळगे पडले, पण चिरा पडेनात.

पिल्लाच्या नाकाच्या टोकाला बारीकसा दात असतो. त्याने साल चिरून ते डोकं बाहेर काढतं आणि तसंच दिवसभर बसून राहतं, जगात यावं की नाही याचा विचार करत. यांच्यात तर सालीवर ओरखडाही नव्हता. अंडी मात्र जिवंत दिसत होती. हात लावला की आतून काहीतरी कूस बदलत होतं. शनिवारी माणसं जेवायला येणार होती आणि गारलंड पेटीभोवती प्रसूतीच्या खोलीबाहेरच्या बापासारखा घिरट्या घालत होता.

"कात्री दे," शेवटी तो म्हणाला.

"कसली?"

"नखाची. माणसं येतील त्यांना काय दाखवू, कवचं?"

लिनेटने कात्री दिली नाही. हल्ली पिल्लांचा रंग बघायच्या घाईने अंडी कापणारे पुष्कळ झाले होते, आणि गारलंड त्यांना 'पाळण्यात डोकावणारे' म्हणून नावं ठेवायचा. तिने त्याला त्याचेच शब्द ऐकवले. तो जरा ओशाळला. "एकच," म्हणाला. "एका अंड्याने काय होतंय."

कात्री त्याने स्वतः शोधून आणली. लिनेटने टॉर्च धरला. साल चिरली तसा आतून पिवळट, दोरे सुटणारा बलक ओघळला आणि त्यात ते दिसलं, गोळा होऊन पडलेलं, इतकं लाल की सोललेलं वाटावं. हे सगळं लिनेटने पूर्वी बघितलेलं होतं. तरी तिला टॉर्च दुसऱ्या हातात घ्यावासा वाटला.

"मेलंय," गारलंड हळहळला. "डोळे मिटलेत बिचाऱ्याचे."

तो हे बोलला आणि मग लिनेटने टॉर्च जवळ आणला. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर काचेसारखं एक खवलं असतं, ते कायमचं. साप झोपतो उघड्या डोळ्यांनी आणि मरतोही उघड्या डोळ्यांनी. हे दोघांनाही आपल्या घराच्या पत्त्याइतकं ठाऊक होतं. टॉर्चच्या उजेडात त्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना तापलेल्या दुधावरच्या सायीसारखी फिकट, सुरकुतलेली कातडी होती. ती कातडी खालून वर गोळा झाली. डोळा उघडला, त्याने टॉर्चकडे पाहिलं, पापणी एकदा लवली आणि मग त्याने गारलंडकडे पाहिलं.

लिनेटने टॉर्च हात लांब करून धरला. ती मागे सरली. गारलंड उलट आणखी वाकला, त्याचं नाक त्या चिरेला टेकायचंच बाकी होतं.

"हे कुणाकडे नाही, लिन," तो कुजबुजला. "अख्ख्या अमेरिकेत कुणाकडे नाही."

सापवाल्यांची ही एक खोड आहे. इतर माणसं विचित्र काही जन्माला आलं की देवाचं नाव घेतात. ही माणसं त्याला जात म्हणतात आणि नाव देतात. बिनखवल्याचं निघालं, नवी जात. दोन डोक्यांचं निघालं, काचेच्या पेटीत पहिल्या रांगेत. जेवढं चुकलेलं, तेवढं मोलाचं. गारलंड तसा लोभी नव्हता, पण खोड ती खोडच. लिनेटने त्याला मागे हो म्हणून सांगितलं. तो झाला नाही. किती वेळ ते पिल्लू आणि तो एकमेकांकडे बघत राहिले, कोण जाणे. तिचा टॉर्च धरलेला हात भरून आला.

३

शनिवारपर्यंत त्याने सगळी अंडी कापली. सगळ्यांना पापण्या होत्या.

रंग असे की छटांच्या कार्डातली नावं अपुरी पडावीत. केशरी, कोवळं गुलाबी, जांभळट, एक तर लोण्यासारखं पिवळं. प्रत्येक जण आपापल्या भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात, आणि डबे मागच्या खोलीतल्या लांब टेबलावर मांडलेले. पाहुणे आत आले तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. गारलंड मागून आला आणि बोलायला लागला तसे ते उघडले, डब्यामागून डबा, गावात संध्याकाळी एकेका घरात दिवा लागावा तसे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. लिनेट चहाचा जग घेऊन दारातच थांबली होती. तिला चौकट ओलांडवेना.

कर्टिस हा गारलंडचा शाळेपासूनचा मित्र, रेल्वेतून निवृत्त झालेला अगडबंब माणूस. खुळखुळ्या शेपटीचे विषारी साप त्याने नुसत्या काठीने पोत्यात भरले होते. नाव द्यायचा पहिला मान त्याचाच. त्याने ते पहिलं लाल पिल्लू तळहातावर घेतलं, खिडकीपाशी नेलं, थोडा वेळ बघितलं. मग नाव न देताच डब्यात ठेवलं, न्हाणीघरात जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि जेवायच्या वेळी ताटात घेतलेलं सॅलड काट्याने नुसतं इकडून तिकडे करत बसला.

लिनेट त्याच्या पिकअपपर्यंत सोडायला गेली.

"मिस लिनेट," लग्न झालेल्या बाईलाही 'मिस' म्हणायच्या त्या भागातल्या अदबीने तो दार उघडून म्हणाला, "साप मला का आवडतो माहितीये? त्याच्या नजरेत काही नसतं. तो तुम्हाला जोखत नाही. त्या पिल्लाने माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मी पसंत नाही पडलो त्याला."

लिनेटला हसू आलं नाही. "काय करू मी?"

"गोठवा."

हा शब्द क्लबातली माणसं चारचौघांत उच्चारत नाहीत, पण करतात सगळेच. वाकड्या कण्याचं, पोट न मिटलेलं, जगणार नाही असं पिल्लू निघालं की आधी त्याला फ्रीजमध्ये ठेवायचं. ते सुस्तावतं. मग वरच्या फ्रीझरमध्ये. त्याला काही कळत नाही, असं म्हणतात. ज्याला कळलं असेल तो सांगायला कुठे येतो.

आत येऊन तिने गारलंडपाशी विषय काढला, तर तो इतका दुखावला की तिलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना मूल झालं नव्हतं. होता होता राहिलं होतं, एकापेक्षा जास्त वेळा, आणि त्याबद्दल दोघांनी एकमेकांना कधी बोल लावला नव्हता. "व्यंग नाही गं ते," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "बघ तरी. ती ओळखतात मला."

४

पिल्लं खाईनात. फ्रीझरमधली उंदराची गुलाबी, बिनकेसांची पिल्लं कोमट पाण्यात मऊ करून गारलंड चिमट्याने त्यांच्यापुढे धरायचा. ती मान वळवायची आणि डोळे मिटायची. तरी ती गुटगुटीत होत होती. आठ-दहा दिवसांत पहिली कात पडायला हवी होती, तीही नाही. गारलंडला चिंता नव्हती. दुकानातून आला की तो टेबलापाशी खुर्ची ओढायचा आणि बसायचा.

वातानुकूलन यंत्र मधूनच बंद पडायचं. अशा वेळी घर एकदम गप्प व्हायचं आणि लिनेटला मागच्या खोलीतून एक आवाज यायचा. ओला, बारीक, चिकटलेले ओठ सुटावेत तसा. एक, मग पुष्कळ. ती नळ सोडून भांडी घासायला लागायची, घासलेलीच भांडी पुन्हा.

एका रविवारी दोघं कणसं खात होती. गारलंडने दात रोवला तसा एक दाणा फुटला आणि चीक उडून सरळ त्याच्या डोळ्यात गेला. लिनेटने स्वतः डोळे मिटले, जसे समोरच्याला काही लागलं की आपण मिटतो. उघडले तेव्हा चिकाचा पांढरट थेंब गारलंडच्या बुबुळावर बसलेला होता. तो चावत होता. लोण्याच्या बशीकडे हात लांब करत होता.

"डोळ्यात गेलं तुझ्या," ती म्हणाली.

"काय?"

"डोळ्यात."

"अच्छा," म्हणून त्याने कागदी रुमाल उचलला आणि टेबल पुसावं तसा उघड्या डोळ्यावरून फिरवला. मग पुढचा घास घेतला.

लिनेटने आपलं कणीस खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःची बरीच समजूत घातली. माणूस रोज तासन्तास एकटक बघत बसला तर डोळे बधिर होणारच. तिच्या मावशीचा अर्धा चेहरा असाच लुळा पडला होता आणि महिन्याभरात सुधारला होता. आणि पापण्या काय, आपण आपल्याच माणसाच्या कधी बघतो? लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, पण गारलंडची पापणी कशी लवते हे आठवायला गेली तर तिला आठवेना. तेव्हा आताच ती लवत नाही असं कशावरून म्हणायचं? हे सगळं पटण्यासारखं होतं. पण त्या दिवसापासून जेवताना ती त्याच्या चेहऱ्याकडे बघायची, वाट बघत, आणि तिचेच डोळे भरून यायचे, चुरचुरायचे, आणि आधी तिलाच मिटावे लागायचे.

कामावर जाताना तो तिच्या गालाचं चुंबन घ्यायचा. एके सकाळी तो जवळ आला आणि तिचं अंग मागे गेलं, तिने ठरवायच्या आधीच. त्याला कळलं नाही, किंवा कळल्याचं त्याने दाखवलं नाही. तो शीळ घालत गाडीत बसला. तोच माणूस, तेच विनोद, तीच बेसूर शीळ. लिनेट बेसिनपाशी गेली आणि गाल धुतला. सापांची किळस येते हे तिने कुणालाही सांगितलं असतं. नवऱ्याची येते हे कुणाला सांगणार?

५

जॉर्जियात राहणाऱ्या बहिणीला तिने फोन केला. ट्रूडी ही मोठी बहीण, फटकळ. "चार दिवस ये इकडे," ट्रूडी म्हणाली. "बायका नवऱ्याला सोडून येतात, तू सापांना सोडून ये. लोक समजून घेतील." लिनेटने विचार केला, बॅग पलंगावर काढूनही ठेवली. पण मग त्याच्या डोळ्यांत थेंब कोण घालणार, हा प्रश्न होता.

कारण आता थेंब घालावे लागत होते. औषधाच्या दुकानातल्या माणसाने कोरड्या डोळ्यांसाठी दिलेले. गारलंड मान मागे टाकून बसायचा, ती बाटली दाबायची, आणि थेंब डोळ्यात शिरायचाच नाही. तेलकट ताटलीवरून पाणी घसरावं तसा बुबुळावरून घसरून कानापाशी जायचा. एकदा तिने बोटाने पापणी ओढून मिटायचा प्रयत्न केला. ती जागची हलली नाही. बोटाला कातडीऐवजी नखासारखं काहीतरी लागलं. तिने हात उगीचच अंगाला पुसला, पुन्हा पुसला.

मग तो ओसरीवरचा दिवस. दमट, ढगाळ, चिलटांनी भरलेला. गारलंड झुल्यावर बसून पिल्लांची हकीकत सांगत होता, जांभळटाला कसा उजेड आवडतो वगैरे. एक चिलट त्याच्या डाव्या डोळ्यावर बसलं. बसलं, चाललं, पांढऱ्या भागावरून बुबुळावर आलं आणि तिथे थांबून पाय घासायला लागलं. गारलंड बोलत होता. लिनेटला ओरडायचं होतं, फुंकर मारायची होती, पण तिच्याच्याने त्या तोंडाजवळ तोंड नेववेना. ती उठली, बागेच्या टोकापर्यंत गेली आणि तिथे सगळं दुपारचं जेवण ओकली.

आठवडा संपायच्या आत त्याच्या डोळ्यांवर निळसर दुधी झाक आली. डॉक्टर त्याला मोतीबिंदू म्हणाला असता. लिनेट म्हणू शकली नाही. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे असेच निळे होतात. या घरात तिने तो निळा रंग हजार वेळा बघितला होता आणि त्याची वाट बघितली होती, कारण मग साप नवा होऊन निघायचा.

दुकानात त्याने कुणाच्या तरी दिवाणखान्यासाठी पांढरा म्हणून भलताच हिरवट रंग कालवून दिला. मालकाने घरी पाठवलं. गारलंड चाचपडत आत आला, चष्म्याचं घर टेबलावर शोधायला लागला आणि सापडेना तसा पहिल्यांदाच हार मानून खाली बसला.

"लिन," तो म्हणाला, "मला तुझा रंग दिसत नाही."

त्या क्षणी तिला किळस आली नाही. फक्त तो तिचा माणूस होता आणि घाबरला होता. कर्टिसला फोन लावून तिने गारलंडला शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन जायला सांगितलं. आपण मात्र येत नाही, पोट बिघडलंय, असं सांगितलं.

६

पिकअप वळणावरून दिसेनाशी झाली आणि लिनेट मागच्या खोलीत गेली.

दाराशी तिने नाकाला रुमाल बांधला. घाबरलेला साप एक घाण सोडतो, ती घाण इथे महिनाभर साचल्यासारखी होती, गोडसर, सडक्या काकडीसारखी. गारलंड नसताना पिल्लांचे डोळे मिटलेले असायचे. आज ते उघडे होते. सगळे तिच्याकडे लागलेले.

ती एकेक डबा उचलत गेली. हातमोजे होते, तरी प्लास्टिकमधून आतलं हलणं तळव्याला जाणवत होतं. पिवळ्याने डब्याला डोकं टेकलं. गुलाबी पापण्या एकदा मिटल्या, एकदा उघडल्या, घाई न करता. डोळ्याच्या कोपऱ्यात ओलं काहीतरी चमकत होतं. सापाला रडू येत नाही, असं लिनेट मोठ्याने म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

फ्रीजमधला जग, दूध, अंडी तिने ओट्यावर काढली आणि डबे आत रचले. दार लगेच लावलं नाही. खात्री करून घ्यायची होती. थंडी लागली तशी पिल्लं सावकाश गोळा झाली आणि एकेकाची पापणी खाली यायला लागली. शाळेत दुपारी लहान वर्गाच्या पोरांना चटयांवर झोपवतात, तेव्हा आधी न झोपण्याचा हट्ट करणारं पोरही असंच हरतं. शेवटी लाल राहिलं. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलं. मग तेही मिटलं.

दुपार कलल्यावर तिने डबे वर फ्रीझरमध्ये ठेवले, उंदरांच्या पुड्यांच्या आणि मटारच्या मागे. मागच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या. टेबल साबणाने घासलं. मग आंघोळ केली, आणि तिला सडकून भूक लागली. कितीतरी दिवसांनी तिने उभ्या उभ्याच पावाला पीनट बटर लावून खाल्लं. गारलंड रडेल, भांडेल, महिनाभर बोलणार नाही. न बोलेना का. नवरा जागेवर आला म्हणजे झालं.

७

"चमत्कार झाला म्हणायचा, मिस लिनेट," दारातूनच कर्टिस म्हणाला. तो गारलंडला दंडाला धरून आणत होता. "डॉक्टर यंत्र लावून बसलेला आणि याने डोळे मिटले. असे, शटर ओढल्यासारखे. डॉक्टर म्हणाला, छान, आता झोपू द्या, डोळ्यांना विश्रांती हवीच होती. अख्ख्या रस्त्यात घोरत आलाय."

गारलंडचे डोळे मिटलेले होते. पापण्यांना सुरकुत्या होत्या, कडेला बारीक केस होते, ते केसही तिने कधी बघितले नव्हते. लिनेटने दोन्ही हातांत त्याचा चेहरा धरला आणि त्या पापण्यांची चुंबनं घेतली, कर्टिसदेखत. अंगावर एक काटा आला नाही. आनंदाने तिला रडायला येत होतं.

"थंडी वाजतेय, लिन," गारलंड पुटपुटला.

बाहेर उन्हाने रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं. तिने त्याला पलंगावर निजवलं, आईने शिवलेली गोधडी घातली, वर लोकरीचं पांघरूण घातलं. कर्टिससाठी कॉफी ठेवली. तो हळू आवाजात विचारत होता, त्यांचं काय केलंत, आणि तिने मान हलवून फ्रीझरकडे दाखवलं. तो म्हणाला, बरं केलंत. दोघं बराच वेळ बोलत बसली, जुन्या गोष्टी, गारलंडने शाळेत मास्तरांच्या टेबलात सोडलेला साप वगैरे. लिनेट हसत होती.

मग तिच्या लक्षात आलं की आतलं घोरणं थांबलंय.

गोधडीच्या आत त्याचे पाय गार होते. गार म्हणजे कसे, हे हाताला कळलं आणि डोक्याने मानलं नाही. तिने त्याच्या नाकापुढे हात धरला. नखं निळी पडली होती, ओठांवर कोरडा पांढरा थर होता, भुवयांच्या केसांत बारीक दव गोठल्यासारखं काहीतरी. पापण्या मिटलेल्या, शांत. तिने बोटांनी एक वर उचलून बघितली. उचलली गेली नाही. तिने कर्टिसला हाक मारली आणि तो रुग्णवाहिकेला फोन लावत आत धावला, तशी ती उलट्या दिशेला पळाली.

फ्रीझरचं दार तिने उघडलं. मटार खाली पडले. समोरच्या डब्यावरचं बाष्प बोटाने पुसलं.

लाल पिल्लू वेटोळं घालून पडलेलं होतं आणि त्याचे डोळे उघडे होते. कातडी नव्हती, सुरकुती नव्हती. सापाचे असतात तसे दोन काळे स्वच्छ मणी, ज्यांत काहीच नव्हतं. पिवळ्याचेही तसेच. जांभळटाचेही.

आत कर्टिस त्याची छाती दाबत होता, त्याने पलंग करकरत होता. "चल रे," तो म्हणत होता. "चल, गारलंड. चल रे."

लिनेटने झाकण काढलं. लाल पिल्लू लाकडासारखं कडक झालं होतं. ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली, ब्लाउजची बटणं सोडली आणि ते पिल्लू आपल्या दोन स्तनांमध्ये उघड्या कातडीवर धरलं.  ती घाण तिच्या अंगाच्या उबेने वितळून पसरायला लागली, हनुवटीपर्यंत आली. तोंडात आंबट पाणी आलं ते तिने गिळलं. हातांनी छाती आवळून धरली, मान खाली घालून त्यावर श्वास सोडला, पुन्हा सोडला. हल, ती म्हणत होती. हल रे, बाळा. बघ माझ्याकडे.

बराच वेळ काहीच नव्हतं. मग कातडीला काहीतरी लागलं, अगदी हलकं. वेटोळं नव्हे, जीभ नव्हे. ओलसर, बारीक, एकदा मिटून उघडलेलं.

पलंगाचा आवाज थांबला. गारलंड खोकला, आणि कर्टिस रडत रडतच ओरडला, "उघडले, मिस लिनेट. डोळे उघडले त्याने."

पुन्हा मिटले का, हे तिने विचारलं नाही. तिने उठून फ्रीझरमध्ये हात घातला आणि दुसरा डबा काढला.